बिघडलेल्या स्मार्टफोनमध्ये कंपनीची मूळ प्रणाली पुन्हा कशी बसवावी

लेखक : एक कृषी अधिकारी

वखर, डवरा, तिफण आणि फवारणीचा पंप ह्यांच्या जोडीला मोबाइल फोन हेही आता शेतकऱ्याचे एक अवजार होऊन बसले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सात-बारावरील पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन करावयाची पद्धत पडली. पी.एम.-किसान योजनेसाठी चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय २०२३ मध्ये फोनवरच झाली. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कपास निगमास हमीभावाने कापूस विकावयाचा तर 'कपास किसान' ह्या अ‍ॅपवर आधी नावनोंदणी करणे आवश्यक ठरले. सबब, फोन बंद पडला म्हणजे केवळ बोलणे बंद पडते असे नाही. शेतकऱ्याचा कागदोपत्री व्यवहारच खोळंबतो.

वखराची पास बोथट झाली तर काय करावे हे आपणांस कोणी सांगावे लागत नाही. परंतु फोनची प्रणाली बिघडली तर काय करावे, काय करू नये व कोणाकडे जावे, ह्याची माहिती पुष्कळांस नसते. ती ह्या लेखात क्रमाने देण्याचे योजिले आहे.

दर्यापूर तालुक्यातील एक अनुभव

२०२४ च्या खरीप हंगामातील गोष्ट आहे. खारपाणपट्ट्यातील एका गावी पाच एकरांचे एक कोरडवाहू शेतकरी मजकडे बंद पडलेला फोन घेऊन आले. हा फोन त्यांना त्यांच्या पुतण्याने दिला होता. पुतण्या शिक्षणासाठी अमरावतीस असताना त्याने फोन जलद चालावा म्हणून कंपनीची प्रणाली काढून दुसरी बसविली होती. बोलणे, चित्रे पाहणे हे सर्व ठीक चालत असे. परंतु बँकेचे अ‍ॅप उघडताच 'हा फोन सुरक्षित नाही' अशी सूचना येऊन ते बंद होई. काकांनी फोन एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानदाराने 'सॉफ्टवेअर मारून देतो' असे सांगून जी फाइल हाताशी होती ती घातली. ती त्याच कंपनीच्या, पण जवळच्या दुसऱ्या मॉडेलची होती. परिणाम असा झाला की, फोन सुरू करताच कंपनीचे बोधचिन्ह दिसे, फोन पुन्हा बंद होई आणि पुन्हा तेच चिन्ह दिसे.

शेतकऱ्याने स्वतः करावयाच्या पीक नोंदणीची मुदत संपण्यास त्या वेळी चारच दिवस उरले होते. फोनमध्ये तीन वर्षांच्या फवारणीच्या नोंदी, कापसाच्या काटापट्ट्यांची छायाचित्रे आणि मुलीच्या लग्नाची चित्रे होती. त्यांची नक्कल कोठेही काढून ठेवलेली नव्हती. ती बहुधा परत मिळणार नाहीत, हे मला त्यांना सांगावे लागले. ते थोडा वेळ स्तब्ध बसले आणि म्हणाले, "साहेब, फोटो गेले त जाऊ द्या, पण सात-बारावर पऱ्हाटी लागली पाह्यजे."

आम्ही प्रथम फोनला हातच लावला नाही. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची पीक नोंदणी करता येते. शेजाऱ्याचा फोन घेऊन आम्ही त्यांच्या शेतात गेलो व पऱ्हाटी आणि तुरीची नोंद त्याच दिवशी करून घेतली. मुदतीची चिंता मिटल्यानंतरच फोनच्या दुरुस्तीकडे वळलो. ह्या क्रमातच पहिला धडा आहे. काम अडले असेल तर आधी काम दुसऱ्या मार्गाने उरकावे. दुरुस्ती नंतर सावकाश करावी. घाईने केलेल्या दुरुस्तीत फोन आणि मुदत दोन्ही जाण्याचा संभव असतो.

मूळ प्रणाली म्हणजे काय

फोनचे यंत्र चालविणारा जो मूलभूत कार्यक्रम कंपनीने कारखान्यात भरून दिलेला असतो त्यास फर्मवेअर किंवा मूळ प्रणाली म्हणतात. आपण नंतर घेतलेली अ‍ॅप, चित्रे व संदेश हे सर्व तिच्या आधारावर उभे असते.

बियाण्याचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट लवकर ध्यानात येईल. पैदासकार बियाण्याच्या पिशवीस सोनेरी पिवळा टॅग असतो, पायाभूत बियाण्यास पांढरा व प्रमाणित बियाण्यास निळा. अकोल्यास मुख्यालय असलेल्या महाबीजची पिशवी घेताना आपण टॅग आणि शिवण पाहूनच ती घेतो. त्याचप्रमाणे कंपनी आपल्या प्रणालीवर एक अंकीय सही करते. फोन सुरू होताना 'बूटलोडर' नावाचा लहानसा कार्यक्रम प्रथम जागा होतो, प्रणालीवरील सही तपासतो आणि ती खरी असेल तरच पुढे जाऊ देतो. अँड्रॉइडच्या २०१६ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ही तपासणी अधिक कडक झाली आहे.

दुसरी प्रणाली बसवावयाची तर बूटलोडरचे कुलूप आधी उघडावे लागते. असे करणे मुळातच वाईट आहे असे नव्हे. कंपनीने सुधारणा देणे बंद केलेल्या जुन्या फोनांना 'लिनिएजओएस' ह्यासारख्या मुक्त प्रणालींनी पुन्हा उपयोगी केले आहे आणि जाणकार मंडळी त्या समजून वापरतात. परंतु कुलूप उघडे असलेला फोन पैशाच्या व्यवहारास विश्वासार्ह नाही, असे बँकांची पुष्कळ अ‍ॅप मानतात व ती चालत नाहीत. म्हणून ज्या फोनवर बँक व शासकीय नोंदणी चालावयाची, तो मूळ प्रणालीवर असणे हितावह होय.

खरोखरच गरज आहे काय

प्रत्येक ताप हिवतापाचा नसतो; तसेच प्रत्येक अडखळणाऱ्या फोनला नवी प्रणाली लागत नाही. पुढील गोष्टी प्रथम करून पाहाव्या :

(१) फोनमधील जागा भरली आहे काय ते पाहावे. जागा संपल्यामुळे अ‍ॅप बंद पडण्याचे प्रकार फार असतात. नको असलेल्या चित्रफिती काढून टाकाव्या.

(२) अडणारे अ‍ॅप काढून अधिकृत प्ले स्टोअरवरून पुन्हा घ्यावे. मात्र त्यात न पाठविलेली माहिती असल्यास ती आधी पाठवावी.

(३) सेटिंगमध्ये प्रणालीची सुधारणा आलेली असेल तर ती वायफायवर घ्यावी.

(४) एवढ्याने भागले नाही तर आतील माहितीची नक्कल काढून 'फॅक्टरी रीसेट' करावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फॅक्टरी रीसेट केले म्हणजे मूळ प्रणाली परत आली असे पुष्कळांस वाटते. ते बरोबर नाही. रीसेटने केवळ आपली माहिती व अ‍ॅप पुसली जातात. खालची प्रणाली जी असेल तीच राहते. शेतातील तण काढले म्हणून जमीन बदलत नाही, तसेच हे आहे.

मूळ प्रणाली पुन्हा बसविण्याची गरज दोनच प्रसंगी पडते. एक, प्रणाली मोडल्यामुळे फोन सुरूच होत नाही तेव्हा. आणि दुसरा, कोणी प्रणाली बदललेली आहे तेव्हा. बदललेला फोन ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. बूटलोडर उघडा असेल तर फोन सुरू होताना बहुधा तशी धोक्याची सूचना पडद्यावर येते. तसेच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' ह्या भागात फोन प्रमाणित आहे किंवा नाही हे लिहिलेले असते. जुना फोन विकत घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी ह्या दोन्ही गोष्टी पाहाव्या.

पूर्वतयारी

जमिनीची मशागत नीट झाली तर पेरणी सोपी जाते. ह्या कामातही तयारीचेच महत्त्व अधिक आहे.

(१) माहितीची नक्कल : प्रणाली बसविताना फोनमधील सर्व माहिती बहुधा पुसली जाते, असे धरूनच चालावे. फोन चालू असेल तर चित्रे संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी, दूरध्वनी क्रमांक गुगल खात्यात साठवावे आणि व्हॉट्सअ‍ॅपची नक्कल त्याच्या सेटिंगमधून काढावी. सिमकार्ड व मेमरी कार्ड बाहेर काढून ठेवावे.

(२) गुगल खात्याचे नाव व सांकेतिक शब्द : चोरीस आळा बसावा म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी योजना आहे की, फोन बाहेरून पुसला गेल्यास तो पूर्वीचेच खाते मागतो. आपल्याकडे पुष्कळ शेतकऱ्यांचे खाते फोन घेतेवेळी दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि सांकेतिक शब्द कोणासच ठाऊक नसतो. मग प्रणाली उत्तम बसूनही फोन उघडत नाही. तेव्हा फोन चालू असतानाच हा शब्द माहीत करून घ्यावा किंवा बदलून घ्यावा.

(३) मॉडेलचा पूर्ण संकेतांक : फोनचे बाजारातील नाव पुरेसे नाही. एकाच नावाने विकले जाणारे फोन आतून निरनिराळे असू शकतात आणि भारतासाठीची, चीनसाठीची व इतर देशांसाठीची प्रणालीही वेगवेगळी असते. संकेतांक सेटिंगमधील 'अबाउट फोन' येथे व फोनच्या खोक्यावर मिळतो.

(४) आय.एम.ई.आय. क्रमांक : फोनवर तारांकित चिन्ह, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे क्रमाने दाबली म्हणजे पंधरा अंकी क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते वहीत लिहून ठेवावे. खोके व पावतीही जपून ठेवावी.

(५) वीज : फोनची बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. काम बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर करावे. प्रणाली लिहिली जात असता मध्येच वीज गेली तर फोन अर्धवट अवस्थेत अडकतो. भारनियमनाच्या भागात ही खबरदारी अत्यंत अवश्य आहे.

प्रत्यक्ष काम

सामान्य शेतकऱ्यास माझा पहिला सल्ला असा की, फोन कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात न्यावा. तेथे योग्य मॉडेलची फाइल व योग्य साधन असते. ज्यास संगणकाची सवय आहे अशा ग्रामकार्यकर्त्याने किंवा घरातील तरुणाने हे काम करावयाचे तर कंपनीवार पद्धत ध्यानात घ्यावी.

मोटोरोला कंपनीने 'सॉफ्टवेअर फिक्स' नावाचे साधन ग्राहकांसाठीच दिलेले आहे. ते विंडोज संगणकावर चालते, फोन कोणता आहे हे ओळखते आणि योग्य प्रणाली उतरवून बसविते. गुगल आपल्या पिक्सेल फोनांच्या मूळ प्रणालीच्या फाइली स्वतः प्रसिद्ध करते आणि बूटलोडर उघडण्याजोगा असल्यास 'अँड्रॉइड फ्लॅश टूल'ने त्या क्रोम ब्राउझरमधून बसविता येतात. शाओमी, रेडमी व पोको ह्या फोनांत आवाज कमी करण्याचे व चालू-बंदचे बटण एकत्र दाबून 'फास्टबूट' अवस्था आणतात आणि 'मी फ्लॅश' ह्या साधनाने प्रणाली लिहितात. मात्र त्यासाठी बूटलोडर उघडा असावा लागतो, नाही तर सेवाकेंद्र गाठावे. सॅमसंगच्या फोनांसाठी 'ओडिन' नावाचे साधन लोक वापरताना दिसतात. ते कंपनीचे अंतर्गत साधन असून ग्राहकांकरिता अधिकृतपणे दिलेले नाही. म्हणून सॅमसंग, व्हिवो, ओप्पो इत्यादींचे काम सेवाकेंद्राकडून करून घेणेच बरे.

साधन कोणतेही असो, काही नियम सारखेच आहेत. फाइल कंपनीच्याच स्थळावरून घ्यावी; कोणी पाठविलेली किंवा दुकानात पडून असलेली घेऊ नये. ती कित्येक जी.बी.ची असल्याने उतरविताना खंडित होण्याचा संभव असतो. कंपनीने पडताळणीचा संकेत दिला असेल तर तो जुळवून पाहावा. पिशवीचे वजन पुन्हा करून पाहण्यासारखेच हे आहे. फोनबरोबर आलेली किंवा चांगल्या प्रतीची केबल वापरावी आणि काम चालू असता ती हलवू नये. काम संपल्यावर पहिल्यांदा फोन सुरू होण्यास दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. तेवढ्यात घाबरून तो बंद करू नये.

तीन मोठे धोके

पहिला धोका चुकीच्या मॉडेलचा. दर्यापूरच्या त्या फोनला नेमका हाच बाधला.

दुसरा धोका जुन्या आवृत्तीचा. पूर्वीची प्रणाली हलकी होती म्हणून ती परत घालावी, असा मोह होतो. पुष्कळ फोनांत मागे जाण्यास प्रतिबंध करणारी योजना असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण तिच्याकडे दुर्लक्ष करून जुनी फाइल घातल्यास काही फोन असे बंद पडतात की, सेवाकेंद्राशिवाय उपाय राहत नाही. फोनवर असलेलीच किंवा तीहून नवी आवृत्ती घ्यावी.

तिसरा धोका कुलपाचा. मूळ प्रणाली पूर्ण बसून फोन व्यवस्थित सुरू झाल्याची खात्री झाल्यावरच बूटलोडर पुन्हा बंद करावा. आत दुसरीच प्रणाली असता किंवा चीनसाठीच्या यंत्रावर दुसऱ्या देशाची प्रणाली असता कुलूप लावले तर फोन सुरूच होत नाही. 'मी फ्लॅश'मध्ये सर्व पुसून कुलूप लावणे, सर्व पुसणे व माहिती राखणे असे निरनिराळे पर्याय खालच्या बाजूस असतात. कुलपाचा पर्याय आधीच निवडलेला असण्याचा संभव असल्याने काम सुरू करण्यापूर्वी ते अवश्य वाचावे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सॅमसंगच्या फोनमध्ये एकदा परकी प्रणाली घातली म्हणजे 'नॉक्स' ह्या सुरक्षा योजनेतील एक खूण कायमची बदलते. नंतर मूळ प्रणाली घातली तरी ती खूण पूर्ववत होत नाही व 'सिक्युअर फोल्डर'सारख्या काही सोयी परत मिळत नाहीत.

काम झाल्यावरची तपासणी

फोन सुरू झाल्यावर आय.एम.ई.आय. क्रमांक पुन्हा पाहावा व वहीतील क्रमांकाशी ताडावा. तो दिसत नसेल किंवा निराळा असेल तर फोन लगेच सेवाकेंद्रात न्यावा. दुकानात 'दुसरा नंबर टाकून देतो' असे कोणी म्हणाल्यास ठाम नकार द्यावा. हा क्रमांक बदलण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई केली होती आणि दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

त्यानंतर प्रणालीच्या सर्व सुधारणा घ्याव्या, प्ले स्टोअरमधील प्रमाणपत्र पाहावे, आणि मग बँकेचे अ‍ॅप व शासकीय अ‍ॅप एकेक करून बसवावी. ज्या फोनला कंपनीने सुधारणा देणे थांबविले आहे, त्यात मूळ प्रणाली असली तरी नवीन धोक्यांपासून संरक्षण अपुरे राहते; अशा फोनशी जोडलेल्या खात्यात मोठी रक्कम ठेवू नये.

फोन दुरुस्तीस देताना बँकेचा पिन किंवा ओ.टी.पी. कोणासही सांगू नये. प्रणाली बसविण्यासाठी त्यांची मुळीच गरज नसते.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

मृगापूर्वी आपण घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे गोणपाटात ठेवून उगवणशक्ती तपासतो. पेरल्यानंतर तपासून उपयोग नसतो. फोनचेही तसेच आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील एखाद्या खरीप सभेत अर्धा तास ह्या कामासाठी राखावा. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या फोनचे मॉडेल, आय.एम.ई.आय. क्रमांक व गुगल खात्याचे नाव स्वतःच्या वहीत लिहावे. सांकेतिक शब्द मात्र त्याने स्वतःजवळच ठेवावा. चित्रांची नक्कल त्याच दिवशी काढावी. ज्यांचे फोन बदललेल्या प्रणालीचे आढळतील त्यांनी ते जूनपूर्वी दुरुस्त करून घ्यावे. हंगामात फोन बंद पडलाच, तर त्या शेतकऱ्याची पीक नोंदणी कोणाच्या फोनवरून करावयाची हेही त्याच सभेत ठरवून ठेवावे. शेतकऱ्यांची मुदत निघून गेल्यास सहायकामार्फत राहिलेल्या नोंदी करण्याची तरतूद आहे. पण आपली नोंद आपल्या डोळ्यांदेखत करणे केव्हाही चांगले.

दर्यापूर तालुक्यातील तो फोन पुढे अकोल्याच्या एका सेवाकेंद्रात नेला. योग्य मॉडेलची फाइल घालून, कुलूप लावून, त्यांनी तो त्याच दिवशी परत दिला. बँकेचे अ‍ॅप चालू लागले. लग्नाची काही चित्रे नातेवाइकांच्या फोनवरून गोळा झाली. फवारणीच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. आता ते काका दर पंधरवड्यास मुलाकडून चित्रांची नक्कल पेनड्राइव्हवर काढून घेतात आणि फवारणीची नोंद शंभर पानी वहीतही लिहितात. त्या वहीच्या पहिल्याच पानावर त्यांनी आपल्या फोनचे दोन्ही पंधरा अंकी क्रमांक लिहून ठेवले आहेत.